मॉडेलने फोटॉन ओळखले की दुपार?

इंदूरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयातलं हे प्रकरण. संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत, आणि प्रयोगातले आकडे सांगायच्या सोयीसाठी गोल केले आहेत. फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या मशीन लर्निंगकडून ओळखून घ्यायचा एक प्रकल्प तिथे चालला होता. मी निवृत्त प्रकाशकी अभियंता म्हणून त्या प्रकल्पाच्या सल्लागार समितीवर बाहेरचा सदस्य होतो. म्हणजे त्रयस्थ मुळीच नव्हतो. पहिल्या आढाव्यात पोह्यांची बशी हातात धरून "छान, छान" म्हणणाऱ्यांत मीही होतो.

पार्श्वभूमी

इंदूरला लेझरचं नवल नाही. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ साली झाली. इंडस-१ आणि इंडस-२ हे दोन्ही सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून तीव्र किरण देणारी यंत्रं, तिथेच आहेत. केंद्राचं नाव बदलून बरीच वर्षं झाली, तरी रामबागेतली जुनी माणसं जुन्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून अजून "कॅट"च म्हणतात. क्वांटम हा शब्द मात्र महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत अलीकडे आला. २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना गुंफलेल्या, म्हणजे मोजणीत एकमेकांशी बांधून राहणाऱ्या, फोटॉनांवरच्या प्रयोगांसाठी मिळालं. पाठोपाठ एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०३०-३१ पर्यंतची, ६,००३.६५ कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. त्यातला पैसा या महाविद्यालयापर्यंत आला नाही, हवा तेवढी आली.

मॅडम इलेक्ट्रॉनिक्स विभागात प्राध्यापक. पीएचडी फायबर ऑप्टिक्समधली, हात कामाला बसलेला. संस्थेच्या अंतर्गत निधीतून त्यांनी तळमजल्यावरच्या एका खोलीत गुंफलेल्या, म्हणजे एंटँगल्ड, फोटॉनांच्या जोड्या तयार करणारी मांडणी उभी केली. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा डायोड लेझर आणि त्यापुढे एकमेकांना काटकोनात चिकटवलेले दोन पातळ बीबीओ (बेरियम बोरेट) स्फटिक. जांभळ्या प्रकाशातला एखादा फोटॉन स्फटिकात फुटतो आणि ८१० नॅनोमीटरचे दोन फोटॉन दोन दिशांना निघतात. दोन्ही वाटांवर ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, तपासणाऱ्या पट्ट्या, फिल्टर आणि एकेक फोटॉन मोजणारा सिलिकॉन डिटेक्टर. दोन्ही डिटेक्टर ८ नॅनोसेकंदांच्या आत वाजले तर ती एक जोडी धरायची. प्रयोगशाळेत याला सगळे "कोइन्सिडन्स" म्हणतात आणि एकेकट्या मोजणीला "सिंगल्स". बाहेरचा प्रकाश अडवायला एम.टी. क्लॉथ मार्केटमधून काळं कापड आणून प्रयोगशाळा सहायक दादांनी स्वतः त्याचा तंबू शिवला होता. शिवण इतकी नेटकी की मी आधी ती बघितली, मग लेझर.

संशोधनाची कल्पना चांगली होती. दोन फोटॉनांची अवस्था पुरती जाणून घ्यायची तर सर्वसाधारणपणे १६ वेगवेगळ्या कोनजोड्यांवर मोजावं लागतं आणि प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. कमी कोनांत आणि कमी वेळात मशीन लर्निंगचं मॉडेल "गुंफलेली" की "नुसती मिश्र" (जोड्या आहेत, पण गुंफण नाही) हे सांगू शकेल का, हा मॅडमचा प्रश्न. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये नॅनोहिऱ्यांतले एकफोटॉन स्रोत अपुऱ्या मोजणीवरून मॉडेलकडून ओळखून दाखवले होते. तो निबंध त्यांच्या टेबलावर कायम असायचा, चहाच्या कपाच्या गोल डागासकट.

मिश्र अवस्था तयार करायची युक्ती सोपी होती. एका वाटेवर १२ मिलिमीटर जाडीची क्वार्ट्‌झची पट्टी ठेवायची. तिच्यातून आडवं आणि उभं ध्रुवीकरण वेगवेगळ्या वेगाने जातं, त्यामुळे दोहोंमधला कलासंबंध, म्हणजे लहरींचा एकमेकींशी असलेला ताल, तुटतो. पुढचं सगळं कळायला एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आडव्या-उभ्या कोनांत तपासलं तर गुंफलेली आणि मिश्र या दोन्ही अवस्था हुबेहूब सारख्या दिसतात: एक फोटॉन आडवा तर दुसराही आडवा, एक उभा तर दुसराही उभा. फरक दिसतो तो ४५ अंशांच्या तिरक्या कोनांत. तिथे गुंफलेल्या जोड्या एकमेकींना धरून राहतात, मिश्र जोड्या चारही घरांत सारख्या विखुरतात.

एम.टेक.च्या विद्यार्थ्याने चार महिन्यांत हजारो नोंदी घेतल्या, चार आडव्या-उभ्या आणि चार तिरक्या मांडण्यांवर, म्हणजे कोनजोड्यांवर, एकेक सेकंदाच्या. मॉडेलची अचूकता ९७ टक्के आली. एका परिषदेत सारांश स्वीकारला गेला. प्राचार्यांनी तो आकडा मूल्यांकनाच्या फाईलीत घातला, आणि प्रवेशाच्या दिवसांत फाटकावरच्या फ्लेक्सवरही "९७%" झळकला.

अडचण

विद्यार्थी रात्री निबंधासाठी आलेख काढत होता. एकेक मांडणी वगळत गेलं की अचूकता कशी घसरते, एवढंच दाखवायचं होतं. चारही तिरक्या मांडण्या काढल्यावर ती ५० वर यायला हवी, कारण उरलेल्या मोजणीत दोन अवस्थांमध्ये भौतिकशास्त्राच्या हिशेबाने फरकच नाही, मग नाणेफेकच. आकडा आला ९४.

सकाळी साडेआठला तो छापील कागद घेऊन मॅडमच्या दाराशी उभा. "मॅडम, जरा बघता का? काहीतरी जास्तच चांगलं येतंय."

"अरे, कॉलम चुकला असेल. कोड बघ आधी."

त्याने दोन दिवस कोड बघितला. कॉलम बरोबर होते. मग मॅडमनी एक सोपी तपासणी सांगितली: कुठली नोंद गुंफलेली आणि कुठली मिश्र, या खुणा सरसकट पिसून टाक आणि मॉडेलला पुन्हा शिकव. अचूकता ५० वर आली. म्हणजे कोड प्रामाणिक होता, मोजणीतच काहीतरी दडलं होतं. तिसरी तपासणी पोराने स्वतःच्या डोक्याने केली, आणि माझ्या मते या प्रकरणातली ती सर्वात हुशारीची गोष्ट. त्याने कोइन्सिडन्सचे सगळे कॉलम काढून टाकले आणि मॉडेलला नुसते दोन सिंगल्स दिले. अचूकता ९२. ज्या मॉडेलने एकही जोडी बघितलेली नाही ते जोड्यांची गुंफण ओळखत होतं.

त्या संध्याकाळी मॅडमचा मला फोन आला. "सर, आपल्याकडे नंदीबैल आहे. पाऊस पडेल का विचारलं की मान डोलावतो, आणि गुबुगुबु कोण वाजवतंय तेच कळत नाहीये."

गुबुगुबु दोन ठिकाणी वाजत होतं. पहिलं ठिकाण खुद्द क्वार्ट्‌झची पट्टी. तिच्यावर परावर्तन रोखणारा लेप नव्हता, कारण लेपाची पट्टी महाग. बिनलेपाच्या क्वार्ट्‌झच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साडेचार टक्के प्रकाश परत फिरतो, दोन्ही मिळून ९ टक्के. सिंगल्स सेकंदाला २०,००० होते. अशा मोजणीतला स्वाभाविक चढउतार २०,००० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १४१. पट्टीमुळे आलेली घट १,८०० ची. ती ओळखायला मशीन लर्निंग कशाला हवं, दादांनीही सांगितली असती.

आणि दुसरं ठिकाण दादांनीच सांगितलं. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची नोंदवही असते: खोली किती वाजता उघडली, लेझर कधी चालू, एसी कधी बंद. मॅडमनी सहज विचारलं, "दादा, मिश्रची मोजणी कधी चालायची?"

"दुपारूनच ना मॅडम. सकाळी जुळवणी ताजी असते तर तुम्ही गुंफलेली घ्यायच्या. मग पट्टी बसवायची ती जेवणानंतर. आणि एक ते तीन एसी बंद राहते, ते तर तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. सगळ्यांनाच. वीजबिल वाचवायचा तो संस्थेचा जुना नियम. दुपारी खोली तापायची, आरसे आणि फोटॉन डिटेक्टरपर्यंत नेणाऱ्या फायबरची जुळवणी किंचित सरकायची, पश्चिमेच्या खिडकीच्या फटीतून तंबूच्या तळाशी थोडा उजेड शिरायचा. मॉडेलच्या लेखी "गुंफलेली" म्हणजे सकाळ आणि "मिश्र" म्हणजे दुपार.

तपासणीसाठी ३० टक्के नोंदी बाजूला ठेवल्या होत्या, पण सरसकट ढीग पिसून त्यातून उचललेल्या. त्याच दिवसाच्या, त्याच दुपारच्या नोंदी शिकवणीतही आणि परीक्षेतही. पेपर आधीच फुटलेला होता म्हणा ना.

समोरचे पर्याय

पूर्ण निबंध पाठवायला ११ दिवस होते. मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही चौघे बसलो: मॅडम, विद्यार्थी, विभागप्रमुख आणि मी.

विभागप्रमुखांचं म्हणणं, आहे तसं जाऊ द्यावं. "९७ खोटा कुठे आहे? मॉडेलने तेवढ्या नोंदी बरोबर ओळखल्या हे खरंच ना? मर्यादा म्हणून शेवटी एक परिच्छेद घाला." त्यांना हसणं सोपं आहे, पण हा युक्तिवाद मला दोनेक मिनिटं पटला होता. विद्यार्थ्याचं वर्ष, संस्थेची फाईल, मॅडमची पदोन्नती, हे सगळं त्या आकड्याला टांगलेलं. अडचण अशी की निबंधाच्या शीर्षकातच गुंफण ओळखण्याचा दावा होता, आणि सिंगल्सवरच्या ९२ नंतर त्या दाव्याखाली जमीन उरली नव्हती. शीर्षकात ठासून सांगितलेलं तळाच्या परिच्छेदात हळूच मागे घेता येत नाही.

दुसरा पर्याय त्याच नोंदींवर शस्त्रक्रिया करायचा: सिंगल्स काढून टाका, कोइन्सिडन्सला त्यांच्या बेरजेने भागा, म्हणजे पट्टीने खाल्लेला प्रकाश हिशेबातून जाईल. मुलाने एका रात्रीत ते केलं. नुसत्या आडव्या-उभ्या मोजण्यांवर अचूकता ९४ वरून ७१ वर आली, ५० वर नाही. कारण दुपारच्या जास्तीच्या उजेडाने योगायोगाच्या कोइन्सिडन्स वाढतात. २०,००० आणि २०,००० च्या सिंगल्सना ८ नॅनोसेकंदांची खिडकी दिली तर सेकंदाला तीनेक खोट्या जोड्या निघतात. दोन्हीकडे २६,००० झाले तर पाचाच्या वर. हजारो नोंदी चाळणाऱ्या मॉडेलला तेवढी फट पुरते. एक भोक बुजवलं की दुसरं दिसायचं, आणि शेवटचं भोक कुठलं हे कधीच कळलं नसतं.

प्रयोग सोडून संगणकावर बनवलेल्या नोंदींचा निबंध करायचा, हा तिसरा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला. मॅडम म्हणाल्या, "मग हा तंबू कशाला शिवला?"

राहिली नव्याने मोजणी. त्याची किंमत मुलाला मोजावी लागणार होती. जुलैमध्ये पुण्यातल्या एका कंपनीत त्याला रुजू व्हायचं होतं. मॅडमनी त्याला आमच्यासमोर विचारलं नाही, बाहेर व्हरांड्यात नेऊन विचारलं. तो काय म्हणाला ते मला माहीत नाही. आत आल्यावर त्याने फक्त विचारलं, "दोन पट्ट्या मिळतील का, मॅडम?"

काय केलं

निबंध मागे घेतल्याचं पत्र मॅडमनी एकट्याच्या नावाने पाठवलं. प्राचार्यांना वेगळी टिपणी दिली. त्यांचा पहिला प्रश्न फ्लेक्सचा होता, दुसरा फाईलीचा. फाईलीतलं पान बदललं. फ्लेक्स उतरायला मात्र दिवाळी उजाडली, आणि उतरला तो पुढच्या जाहिरातीला जागा हवी म्हणून.

दोन पट्ट्यांची कल्पना अशी. १२ मिलिमीटरची एक पट्टी कधी ठेवायची, कधी काढायची, त्याऐवजी ६ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या कायम वाटेत ठेवायच्या. दोघींचे अक्ष समांतर केले तर परिणाम १२ मिलिमीटरचा, अवस्था मिश्र. एक पट्टी ९० अंशांत फिरवली तर दुसरी पहिलीचं काम पुसते, गुंफण शाबूत. दोन्ही वेळा काचेचे पृष्ठभाग तेवढेच, प्रकाशाची घट तेवढीच. जाडीत काही मायक्रॉनांचा फरक निघाला, म्हणून न फिरणारी पट्टी किंचित कलती करावी लागली. फिरणाऱ्या पट्टीला स्टेपर मोटर लावली, आणि कुठली अवस्था कधी मोजायची हे संगणक नाणं उडवल्यासारखं दर मिनिटाला ठरवू लागला. सकाळ-दुपार दोन्ही अवस्थांच्या वाट्याला आली. शिकवणीचे दिवस वेगळे, परीक्षेचे वेगळे. आणि एक नियम: आधी नुसत्या आडव्या-उभ्या मोजण्यांवर मॉडेल चालवायचं, ते ५० च्या आसपास आलं नाही तर पुढचा एकही आकडा बघायचा नाही.

पहिल्या आठवड्यात ते ५८ वर अडकलं.

सगळ्यांचे चेहरे पडले. मी म्हटलं, ५८ म्हणजे तसं ५०च, चालवून घ्या. मॅडमनी ऐकलं नाही ते बरं झालं. तीन दिवसांनी मुलाने भिंतीवर कागद चिकटवून, पट्टीतून लाल लेझर पॉइंटर सोडून बघितलं. मोटर फिरली की ठिपका भिंतीवर जेमतेम मिलिमीटरभर सरकत होता. पट्टीची दोन्ही तोंडं पुरती समांतर नव्हती, पाचरीसारखी होती. फिरवली की किरण किंचित वळायचा, फायबरमध्ये थोडा कमी शिरायचा, आणि मॉडेल तेवढंही हेरायचं. विक्रेत्याकडून पट्टी बदलून घ्यायला महिना गेला. नव्या पट्टीवर चाचणी ५१ आली.

निष्पत्ती

तिरक्या मोजण्या दिल्यावर मॉडेल उत्तम चाललं. पण आता मॅडमनी शेजारी दुसरा गडी उभा केला: कागदावर हाताने लिहिता येईल असं सूत्र, तिरक्या कोनांतल्या जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या जोड्यांच्या गुणोत्तराचं. एका सेकंदाच्या मोजणीत दोघांचीही चूक होईना. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका कमी केला, जिथे एकेका मांडणीत चार-पाचच जोड्या मिळतात, तेव्हा दोघेही सारखेच चुकू लागले.

हे आधीच कळायला हवं होतं, आणि सल्लागार म्हणून मला तर नक्कीच. दोन ठरलेल्या, माहीत असलेल्या अवस्थांपैकी एक निवडायची असेल तर शक्यतांच्या गुणोत्तराची कसोटी सर्वोत्तम असते हे नेमान आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच सिद्ध करून ठेवलंय. मोजकेच फोटॉन आलेत तर त्यांच्यातली माहितीही तेवढीच. मॉडेल कितीही खोल केलं तरी न आलेले फोटॉन ते मोजू शकत नाही. म्हणजे नोंदी पहिल्या दिवसापासून निर्दोष घेतल्या असत्या, तरी या प्रश्नात मॉडेलची जास्तीत जास्त बरोबरी होणार होती.

मुलाचा प्रबंध एक सत्र उशिरा, पण जुलैच्या आत गेला. त्यातला मोठा भाग नियंत्रण-चाचणी आणि पाचरीच्या पट्टीवर आहे. निबंध छोटा झाला आणि छोट्या ठिकाणी छापला गेला. मशीन लर्निंगला खरं काम मिळालं ते भलतीकडेच: रोज सकाळी दोन आरशांचे चार स्क्रू फिरवून फायबरमध्ये प्रकाश जुळवायला तासभर जायचा. आता चार मोटरी आणि पुढचा प्रयत्न कुठे करावा हे सुचवणारं एक अल्गोरिदम ते काम दादांचा चहा होईपर्यंत उरकतं. तिथे बरोबर-चूक लगेच डिटेक्टरवर दिसतं, कुणी मान डोलावून भागत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खरा निर्णय अडचण उभी राहिल्यावर झालाच नव्हता. तो पहिल्या आठवड्यात, कुणाच्या लक्षात न येता होऊन गेला होता: सकाळी गुंफलेली, दुपारी मिश्र. सोय म्हणून. पट्टी सारखी काढ-घाल केली तर जुळवणी बिघडते, हे कारणही खरंच होतं. मोजणीचा क्रम आराखड्यात लिहावा लागला असता तर कुणीतरी अडवलं असतं. पण आमच्या आराखड्याच्या नमुन्यात उपकरणांच्या किमतीला दोन पानं आणि मोजणीच्या क्रमाला एकही ओळ नव्हती.

पहिल्या आढाव्यात मी मॉडेलच्या थरांबद्दल तीन प्रश्न विचारले. दोन्ही अवस्थांचे नुसते सिंगल्स शेजारी शेजारी दाखवा, एवढं म्हटलं असतं तर ९ टक्क्यांची पायरी नुसत्या डोळ्यांनी दिसली असती. साधं सूत्रही त्याच दिवशी मागायला हवं होतं.

दादा समितीच्या बैठकीला कधी नसायचे. आता असतात, आणि त्यांची लाल वही टेबलावर असते. एसीचा नियम मात्र संस्थेने बदललेला नाही.

जुन्या नोंदी मॅडमनी पुसल्या नाहीत. फाईलीचं नाव बदलून "नंदीबैल" ठेवलं. नवे विद्यार्थी आले की पहिल्या आठवड्यात त्यांना ती देतात आणि मॉडेल शिकवायला सांगतात, बाकी काही बोलत नाहीत. यंदा दोघं आहेत. मुलीने चौथ्या दिवशी विचारलं, "मॅडम, या नोंदी किती वाजताच्या आहेत?" मुलगा अजून ९७ वर खूश आहे.